जवाईबुवांचा टिकाव

नवलला एखादा प्रश्न पडला की त्याचा पिच्छा पुरवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मातीच्या विषयात एम.एस्सी. करून तो जळगावच्या एका खासगी प्रयोगशाळेत लागला होता. शेतकरी पिशव्यांतून माती आणायचे, तो ती वाळवून, चाळून, तिच्यात काय आहे आणि काय नाही ते सांगायचा. ही सवय मग घरीही सुटेना. दिपमाला म्हणायची, "लोकं सासुरवाडीला गेली की ताटात काय वाढलंय ते बघतात. तुम्ही कुंडीत काय भरलंय ते बघता."

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तुळशीची लग्नं लागली आणि त्यानंतरच्या शनिवारी दोघं पाचोऱ्याला आले, ते दिपमालाच्या मोठ्या भावासाठी, भूषणसाठी. दुसऱ्या दिवशी धुळ्याची माणसं घर बघायला येणार होती. भूषण बत्तीस वर्षांचा. गावात मोटार रिवाइंडिंगचं त्याचं छोटं दुकान. दोन वर्षांत कितीतरी स्थळं आली नि गेली. कुणाला नोकरीवालाच हवा होता, कुणाला पुण्यातलाच. धुळ्याच्या या मुलीने मात्र कांदेपोह्यांच्या दिवशी भूषणला विचारलं होतं की जळलेल्या मोटारीची तार किती घट्ट गुंडाळायची हे हाताला कसं कळतं. तिथेच भूषणचा जीव अडकला होता. आणि आता ती स्वतःच घर बघायला येते म्हणाली होती. मुलगी स्वतः येते म्हटल्यावर गल्लीत चार दिवस दुसरा विषय नव्हता.

घर लख्ख झालं होतं. राहिला होता तो ओट्याला लागूनचा तुकडा. सासरे होते तोवर तिथे मेथी, वांगी, गवार असायची. ते गेल्यापासून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. कमरेएवढं गाजरगवत, मधे दोन एरंड, आणि खाली हरळी नि लव्हाळ्याचं असं जाळं की पाय ठेवला तर माती लागायची नाही. ओट्यावर खुर्च्या मांडल्या की पाहुण्यांची नजर नेमकी तिथेच जाणार.

"मजूर मिळेना, जवाईबुवा," सासूबाई प्रमिलाबाई म्हणाल्या. जावयाशी बोलताना त्या ठरवून पुस्तकातली मराठी बोलायच्या, पण जीव मेटाकुटीला आला की घरची अहिराणी बाहेर पडायची. "बठ्ठं गाव कापूस वेचाले गयेल शे."

"मी खणतो की. त्यात काय!" नवल बाह्या सरसावत म्हणाला.

प्रमिलाबाईंनी कानाला हात लावले. "नका हो! जवायाच्या हाती पावडी? उद्या गल्ली मला सुखाने पाणी भरू देईल का?"

नवल हसला. मग तो भूषणकडे वळला. "तर मग तुम्हीच, भूषणभाऊ. अवजार कोणतं घ्यायचं ते मी सांगतो. मेहनत तुमची, डोकं माझं."

भूषणने काही क्षण त्या गवताकडे पाहिलं. "करू ना," तो म्हणाला. "चला."

पन्नालाल शेठचं लोखंडी सामानाचं दुकान बाजारपेठेत होतं. शेठ गल्ल्यावर बसल्या बसल्या येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायचे. "या या, जवाईराजा! साल्याला घेऊन खरेदी? म्हणजे पैसे साला देणार, पसंती जवायाची!"

नवलला दुकान म्हणजे पर्वणीच वाटली. भिंतीला टेकलेल्या पावड्या, टिकाव, पहारी, विळे, खुरपी त्याने एकेक हातात घेऊन पाहिली. दांडा बाभळीचा की सागाचा, पात्याचा कोन किती, तोल कुठे येतो. तेवढ्यात भूषणने कोपऱ्यातून एक अवजार डाव्या हाताने उचलून आणलं. चार सरळ दात्यांचा काटा होता, वर मुठीचा दांडा. दात्यांवरच्या पट्टीवर पाय देऊन जमिनीत दाबायचा आणि माती उलथवायची.

"हा कसा राहील, नवलराव? आज संध्याकाळी पाणी सोडून ठेवतो. सकाळी माती नरम येईल."

नवलने काटा हातात घेऊन फिरवून पाहिला. "लव्हाळ्याला खरं तर हाच. पावडीने त्याच्या गाठी तुटतात आणि तुटलेली प्रत्येक गाठ नव्याने फुटते. पण भाऊ, तुमची काळी माती आहे. रात्री पाणी दिलं तर सकाळी चिखल होईल, दात्यांना लोण्यासारखा चिकटेल. वापसा येऊन माती खणण्याजोगी व्हायला दोन-तीन दिवस जातील. आणि कोरड्यात घातला तर दाते वाकतील." तो शेठकडे बघून हसला. "हा आईंना घेऊ, गुलाबाच्या वाफ्यासाठी. पुरुषाच्या हातात टिकाव पाहिजे."

पन्नालाल शेठना एवढंच पुरे होतं. "हे लाख बोललात! टिकाव लागायचा असेल तर टिकावच घ्या!" दुकानातली माणसं हसली. भूषणही हसला. त्याने काटा जिथून आणला होता तिथे नेऊन ठेवला.

परत येताना नवलच्या डोक्यात एक वेगळंच गणित चालू झालं होतं. टिकाव खांद्यावर घेऊन भूषणने चालायला हवं होतं, पण त्याने तो डाव्या हातात खाली लोंबता धरला होता. दुकानातली वरच्या फळीवरची खिळ्यांची पुडी त्याने पोऱ्याला काढायला लावली होती. दुपारी पंख्याचं झाकण बसवायचं होतं, तेव्हा "दिपा, तू चढ ना," म्हणाला होता. शर्ट खुंटीला न टांगता खाटेवर टाकायचा. नवलने ही सगळी निरीक्षणं नीट एका रांगेत लावली आणि त्यांच्यावरून निष्कर्ष काढला. घरी आल्यावर तो दिपमालाला हळूच म्हणालासुद्धा, "तुझा भाऊ चांगला आहे गं, पण लाडावलेला आहे. अंगाला काम लावून घेत नाही."

दिपमाला कणीक मळत होती. तिचे हात थांबले. तिने नवऱ्याकडे पाहिलं, ओठ उघडले, आणि पुन्हा कणीक मळायला लागली. नवलला वाटलं, माहेरची माणसं, राग येणारच.

रविवारी सकाळी त्याने बघितलं तर प्रमिलाबाईंनी विळ्याने वरचं गाजरगवत कापून ढीग घातला होता, पण जमीन होती तशीच. नवा टिकाव ओट्याच्या कडेला टेकून उभा होता. भूषण इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, आत-बाहेर करत होता.

"भाऊ, खणायचं राहिलंच," नवल म्हणाला.

"हो ना," भूषण म्हणाला. "राहिलं."

नवल मनातल्या मनात चडफडला. आयती अवजारं, आयता सल्ला, आणि हा माणूस भांग पाडत बसलाय.

पाहुणे ठरल्या वेळेच्या आधीच आले. मुलगी रत्ना, तिची आई, आणि मामा निंबाआबा. निंबाआबा जातिवंत शेतकरी. टोपी मांडीवर ठेवून ते खुर्चीत बसले आणि घराच्या भिंती, छप्पर, नळ सोडून त्यांची नजर नेमकी त्या तुकड्यावर गेली. रत्ना धुळ्याला एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. ती बोलत कमी होती, बघत जास्त होती. पोहे झाले, चहा झाला. प्रमिलाबाईंनी वरण-बट्टी आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीचा बेत केला होता, वास ओट्यापर्यंत येत होता. जेवणाआधी मुलामुलीने गच्चीवर जाऊन थोडं बोलावं असं ठरलं होतं. भूषण सारखा जिन्याकडे बघत होता.

"हाई काय शे?" निंबाआबांनी हनुवटीनेच तुकडा दाखवला. "एवढी चांगली काळी जमीन, पडीक?"

प्रमिलाबाई पदर सावरत म्हणाल्या, "मजूर नाही हो आबा. वेचणी सुरू आहे ना."

"चार हात लांबीच्या तुकड्याला मजूर?" निंबाआबा हसले. "घरात जवान पोऱ्या असताना?"

त्यात वाईट काही नव्हतं. आबा मस्करीच करत होते. पण नवलला वाटलं, सासरची लाज राखायची वेळ आली. आणि, हेही खरं, त्याला त्या मातीच्या पोटातले थर बघायचे होते. तो उठून उभा राहिला.

"आबा, भाऊ आजच खणणार होते. हा बघा, कालच टिकाव आणलाय, मी स्वतः निवडलाय. भाऊ, एक घाव घालून दाखवा. आबांना कळेल, वर कितीही गवत असलं तरी खाली माती कशी सोन्यासारखी आहे."

"जेवण झाल्यावर बघू, नवलराव," भूषण म्हणाला.

"अहो, एक घाव! शर्टाची इस्त्री मोडणार नाही." नवलने टिकाव उचलून त्याच्या पुढ्यात धरला. निंबाआबा हसले. रत्नाची आईही पदराआड हसली. दारातून दिपमाला म्हणाली, "अहो, राहू द्या ना," पण ते नवलच्या कानावर पडून बाजूला घरंगळलं.

भूषणने एकदा आईकडे पाहिलं. मग चप्पल काढली, ओट्यावरून खाली उतरला आणि टिकाव दोन्ही हातांनी धरला. डाव्या हाताने त्याने तो वर नेला. उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. कोपर थरथरलं, बोटं उघडली, आणि विहिरीवर दोर सुटावा तसा तो हात खाली आला. डोक्यावर गेलेला टिकाव एका हाताला आवरेना. तो तिरपा होऊन भूषणच्या अनवाणी पावलाच्या अगदी जवळ जमिनीत रुतला.

गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

निंबाआबांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली. "हात?"

"हो," भूषण म्हणाला. उजवा हात त्याने डाव्याने धरला होता. "दीड वर्षापूर्वी गाडीवरून पडलो. खांद्यातली नस गेली. खांद्याच्या खालचं सगळं काम होतं. वर जात नाही."

"धुळ्याले सांगं नही तुम्हीन."

"सांगणार होतो, आबा."

"कधी? अक्षता पडल्यावर?"

प्रमिलाबाई पुढे झाल्या, बोलायला लागल्या, पण त्यांचा एक शब्द दुसऱ्याला धरून येईना. रत्ना भूषणकडे बघत होती. भूषण जमिनीकडे बघत होता. आणि नवल, ज्याला कालपासून सगळं दिसलं होतं, लोंबता टिकाव, वरची फळी, पंखा, खाटेवरचा शर्ट, तो आपले रिकामे झालेले हात कुठे ठेवावेत या विचारात उभा होता. निरीक्षण एकही चुकलं नव्हतं. मातीबद्दल तो जे बोलला तेही चुकलं नव्हतं. हे आठवून त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे उठले. "जेवून जा," असं प्रमिलाबाई म्हणाल्या, पुन्हा म्हणाल्या. निंबाआबा हात जोडून "बसची वेळ" एवढंच बोलले. भरल्या घरातून पाहुणा उपाशी गेला.

नवल आत गेला. दिपमाला चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"मला सांगायचं होतं ना गं."

"आईने शपथ घातली होती. आपलं लग्न ठरत होतं तेव्हाच झालं हे. मुलीचा भाऊ अधू आहे म्हटल्यावर तुमच्याकडचे काय म्हणतील, ही भीती." तिने वळून पाहिलं. "आणि तुम्ही मला विचारलंत कधी? काल येऊन निकाल सांगितलात. लाडावलेला म्हणून."

"आज तो तिला स्वतः सांगणार होता. गच्चीवर, एकटीला. पहिल्या भेटीला माणसांच्या गर्दीत जमलं नाही म्हणून आठ दिवस मनात घोकत होता. आई म्हणाली, लग्न ठरू दे, मग सांग. तो म्हणाला, नाही, आधी. त्यावरून मायलेकांचं भांडणसुद्धा झालं."

नवलने चप्पल पायात सरकवली न सरकवली आणि तो स्टँडकडे निघाला.

धुळ्याची बस लागली नव्हती. निंबाआबा चौकशीच्या खिडकीपाशी उभे होते. बाकावर रत्ना आणि तिची आई. नवल समोर जाऊन उभा राहिला, आणि येताना जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"ते आज तुम्हाला सांगणार होते," तो म्हणाला. "गच्चीवर. मला ठाऊक नव्हतं. मी मधे पडलो."

"तुम्ही जवाई ना त्यांचे?" रत्नाची आई म्हणाली. "घरचा माणूस घरचं झाकणारच."

बरोबर होतं. त्याच्या शब्दाला इथे वजन नव्हतं. ज्यात स्वतःची अब्रू जाते तेवढंच कदाचित कुणी खरं मानलं असतं.

"काल दुकानात त्यांनी पायाने दाबायचा काटा निवडला होता. त्यांना तो झेपला असता. हात वर न्यावाच लागला नसता. मी चार माणसांत म्हणालो, हा बायकांना गुलाबाला ठीक आहे, पुरुषाच्या हातात टिकाव पाहिजे. सगळे हसले. ते पण हसले. आणि आज पुन्हा मीच आग्रह केला."

रत्ना हसली नाही की रागावलीही नाही. प्रयोगशाळेत अहवाल वाचावा तशी ती त्याच्याकडे बघत होती. "उचलता येणार नाही हे त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मग उचलला कशाला?"

हा प्रश्न नवलला स्वतःला पडायला हवा होता. उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हाच ते त्याला कळलं.

"मी जवाई आहे म्हणून," तो म्हणाला. "आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत."

निंबाआबा तिकडून येताना दिसले. रत्नाने पर्समधून फोन काढला. "त्यांचा नंबर सांगा. मामाकडे आहे, पण मामाकडून नको." नवलने सांगितला. "काय सांगणार होते ते मी त्यांनाच विचारते. पुढचं मला माहीत नाही," ती म्हणाली आणि बससाठी उठली.

घरी आला तेव्हा ओट्यावरच्या खुर्च्या आत गेल्या होत्या. प्रमिलाबाई दारातच उभ्या होत्या. नवलने मनाशी ठरवलं होतं की त्यांचे पाय धरायचे. तो वाकणार तोच त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनीच हात जोडले.

"माफ करा, जवाईबुवा. तुमच्यापासून लपवलं आम्ही. तुमच्यासमोर असा तमाशा झाला, तुम्हाला मान खाली घालायला लागली."

"आई, चूक माझी..."

"तुमची कशी? तुम्ही तर चांगल्यासाठीच म्हणालात. आम्हीच खोटे." त्यांचे डोळे भरले होते, तरी आवाजात आदबीची कड होती, आणि त्या कडेच्या आत नवलला शिरता येईना. त्यांनी त्याला चार शिव्या घातल्या असत्या तर तो मोकळा झाला असता. पण जावयाला शिव्या कोण घालणार? आणि त्याची माफी तरी कोण घेणार?

"भाऊ..." तो भूषणकडे वळला.

"बसा, नवलराव. भूक लागली असेल," भूषण म्हणाला. त्यात टोमणा नव्हता; असता तर बरं झालं असतं. "आई, यांचं ताट वाढ आधी."

पाहुण्यांसाठी काढलेलं मोठं ताट नवलपुढे आलं. बट्ट्या कुस्करून त्यांवर वरण, वरणावर तूप, बाजूला वांग्याची भाजी, लिंबाची फोड. पाचसहा माणसांचा स्वयंपाक होता आणि जेवायला तो एकटा बसला होता. दिपमाला पाणी ठेवून गेली.

दोन घास झाले असतील तेव्हा भूषणचा फोन वाजला. अनोळखी नंबर बघून त्याने घेतला, आणि "कोण?" असं विचारून तो एकदम उठला. ओट्यावर गेला. दार उघडं होतं. त्याचा आवाज सुरुवातीला इतका हळू होता की काही कळेना. मग तो अहिराणीवर आला आणि आवाज मोकळा झाला. अपघात कुठे झाला, दवाखान्यात किती दिवस काढले, कोणती बोटं अजून रात्री मुंग्या आल्यासारखी होतात, काय उचलता येतं, काय येत नाही, पुढे सुधारेल का याला डॉक्टर काय म्हणाले. काही न वगळता सांगत होता. आठ दिवस घोकलेलं असेल.

मग तो थांबला. तिकडून ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. नवलचा घास हातातच राहिला.

"नही, नही," भूषण म्हणाला. "त्यासना काही दोस नही. टिकाव मीच उचला. माले वाटनं, एक घाव तरी व्हई."

तिने काय सांगितलं असेल हे नवलला ठाऊक होतं. दुकानातलं सगळं तिला कळलेलं होतं, त्यानेच सांगितलं होतं, आणि तरी भूषण त्याला पाठीशी घालत होता. का घालत होता, पाहुणचार म्हणून, बहिणीसाठी, की तो माणूसच तसा, हे काही केल्या कळेना. अंदाज बांधायची नवलला हिंमत झाली नाही.

प्रमिलाबाई तुपाची वाटी घेऊन आल्या होत्या. ओट्यावरचं ऐकत त्या दारातच थबकल्या. बाहेर भूषण पुन्हा गप्प होऊन ऐकत होता, फोन डाव्या कानाला, पाठ घराकडे. ती काय म्हणत होती, होकार की नकार, ते त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं.

नवलने मान खाली घातली आणि घास तोंडात घातला. तो गिळवेना. पण जेवायचं थांबलो तर त्या पुढे येतील आणि विचारतील, भाजीत मीठ कमी आहे का जवाईबुवा, या भीतीने तो चावत राहिला.